गाणी डाउनलोड, कॉपीराइटची नोटीस आणि आपलं नाव: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला वरचेवर येतात, बहुतेक वेळा घाबरलेल्या मेसेजमधून. जर्मनीत आखेनला नाहीतर म्यूनिकला शिकायला गेलेली मुलं विचारतात, अमेरिकेत नवीन नोकरीला लागलेले विचारतात, आणि इथले लोक विचारतात की आपल्याकडे असलं काही होतं का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, त्यामुळे हातात कागद आला असेल तर वकिलाला दाखवायचाच, पण जायच्या आधी प्रकरण काय आहे ते तरी आपल्याला माहीत असावं.

टोरंटवरून गाणं उतरवलं तर माझं नाव कुणाला कळतं?

नाव लगेच कुणालाच कळत नाही, कळतो तो आयपी ॲड्रेस, म्हणजे त्या वेळी तुमच्या इंटरनेट कनेक्शनला मिळालेला नंबर. टोरंटमध्ये ज्यांच्याकडे ती फाइल आहे ते सगळे एकमेकांना उघड दिसतात, तसं दिसल्याशिवाय तुकडे इकडून तिकडे जाणारच नाहीत. रेकॉर्ड कंपन्यांनी नेमलेली माणसं त्याच घोळक्यात शिरतात आणि यादी करत बसतात. त्या यादीत काय असतं, तर तारीख, वेळ अगदी सेकंदापर्यंत आणि ती कुठल्या टाइम झोनची ते, आयपी, पोर्ट नंबर, फाइलचं नाव आणि फाइलचा हॅश, म्हणजे ती फाइल ओळखायचा तिचा खास कोड. बस, एवढंच. तुमचं नाव नाही, पत्ता नाही, तुम्ही त्या वेळी खोलीत होता की नव्हता तेही नाही. त्या सेकंदाला तो आयपी कुठल्या ग्राहकाकडे होता हे फक्त इंटरनेट कंपनीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये असतं, आणि गेली वीसहून जास्त वर्षं सगळं भांडण त्या लॉगवरून चाललंय की तो कुणाच्या सांगण्यावरून उघडायचा.

पण मी फक्त डाउनलोड केलं, अपलोड नाही केलं, मग?

टोरंट लावला की अपलोड होतंच. तुमच्याकडे जेवढे तुकडे आले तेवढे तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्यांना देत असतो, गाणं पूर्ण उतरायच्या आधीपासून. नोटीस येते ती शक्यतो या वाटण्याबद्दलच.

हे सुरू कुठून झालं? गाणं ऐकणाऱ्यावर केस करायची कल्पना कुणाची?

अमेरिकेत. गाणी एकमेकांना द्यायचं नॅपस्टर आलं १९९९ च्या जूनमध्ये, वर्ष संपायच्या आत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, केस ठोकली आणि २००१ मध्ये ते बंद पडलं. नॅपस्टरमध्ये कुणाकडे कुठलं गाणं आहे त्याची यादी मधल्या सर्व्हरवर होती म्हणून बंद करता आलं. त्यानंतर कझा वगैरे तसलीच सॉफ्टवेअर आली त्यात मध्ये अशी यादीच नव्हती, मग कंपन्यांनी ठरवलं की आता वापरणाऱ्यालाच धरायचं.

त्यासाठी त्यांना १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकन कॉपीराइट कायद्यात एक कलम सापडलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच होती. जज नको, खटला दाखल केलेला असायलाही नको, कोर्टाच्या क्लार्ककडे एक कागद भरून द्यायचा की अमुक आयपीने आमचा कॉपीराइट मोडला असं आम्हाला वाटतं, क्लार्क शिक्का मारणार आणि इंटरनेट कंपनीने त्या ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन देऊन टाकायचा. २००२ मध्ये आरआयएएने असा कागद व्हेरायझन या इंटरनेट कंपनीला पाठवला, एका ग्राहकाने एका दिवसात सहाशेच्या वर गाणी उतरवली म्हणून. व्हेरायझनने नाव द्यायला नकार दिला. २००३ च्या जानेवारीत खालच्या कोर्टात व्हेरायझन हरली, मग त्या उन्हाळ्यात असे कागद शेकड्यांनी निघाले, आणि ८ सप्टेंबर २००३ ला एका दिवशी २६१ लोकांवर केस झाली. त्यात न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी १२ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने २००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

१९ डिसेंबर २००३ ला वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. म्हणाले, हे कलम ज्या कंपनीच्या सर्व्हरवर चोरीचा माल ठेवलाय तिच्यासाठी आहे, नुसती तार पुरवणाऱ्या कंपनीसाठी नाही. त्यानंतर आरआयएएला रीतसर खटला भरावा लागला, नाव माहीत नाही म्हणून ‘जॉन डो’ अशा नावाने, आणि मग जजसमोर जाऊन नाव मागावं लागलं. खटले थांबले नाहीत, २००४ च्या जानेवारीतच असे ५३२ भरले. पण मध्ये जज आला. वरवर बघता बारीकसा फरक वाटेल, पण माझ्या मते सगळं काही त्यावरच आहे.

व्हेरायझनला काय पडलं होतं? चोराला वाचवायचं होतं का?

स्वतःच्या धंद्याचाही विचार असणारच, हजारो कागदांना उत्तरं देत बसायचं कुणी. पण त्यांनी मांडलेला मुद्दा खरा होता. ते कलम फक्त रेकॉर्ड कंपन्यांसाठी नव्हतं, ‘माझा कॉपीराइट आहे’ असं म्हणणाऱ्या कुणालाही वापरता येत होतं. उद्या एखाद्या बाईचा पाठलाग करणारा माणूस म्हणेल की हिने माझा फोटो शेअर केला, मला हिचा पत्ता द्या, क्लार्क कुठे तपासणार? एका पॉर्न कंपनीने तर त्याच कलमाखाली नावं मागायला सुरुवातही केली होती. बॉस्टनमध्ये एमआयटी आणि बॉस्टन कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांची नावं द्यायला विरोध केला तो याच उन्हाळ्यातला. गाण्यासाठी उघडलेलं दार गाण्यापुरतं राहत नाही हे त्या लोकांना तेव्हाच दिसलं होतं.

दंड खरंच लाखांत होतो का?

तिकडे कायद्यातच एका गाण्यामागे कमीत कमी ७५० डॉलर आणि मुद्दाम केलं असं सिद्ध झालं तर दीड लाखापर्यंत अशी सोय आहे, प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते दाखवायची गरज नाही. मिनेसोटातल्या एका बाईंवर २४ गाण्यांसाठी खटला चालला. २००७ मध्ये ज्युरीने २ लाख २२ हजार डॉलर सांगितले, २००९ मध्ये परत खटला झाला तेव्हा १९ लाख २० हजार, जजने ते ५४ हजारांवर आणले, २०१० मध्ये तिसऱ्या ज्युरीने १५ लाख म्हटलं, आणि शेवटी २०१२ मध्ये अपील कोर्टाने परत २ लाख २२ हजारच कायम केले. त्याच त्या चोवीस गाण्यांची किंमत दर वेळी वेगळी. बॉस्टनच्या एका विद्यार्थ्याला ३० गाण्यांसाठी पावणेसात लाख डॉलर लागले.

बहुतेक लोक मात्र कोर्टापर्यंत गेलेच नाहीत, तीन-चार हजार डॉलर भरून मोकळे झाले, कारण वकील त्याहून महाग. २००८ च्या शेवटी आरआयएएने हे सरसकट खटले थांबवतोय असं जाहीर केलं, तोपर्यंत तीस हजारांच्या वर लोकांपर्यंत हे पोचलं होतं. गाण्यांची चोरी थांबली का, तर नाही. ती कमी झाली स्वस्तात आणि सोपं ऐकायला मिळायला लागलं तेव्हा.

आयपी चुकीचा निघू शकतो का?

हो, आणि हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. २००३ च्या त्या पहिल्या २६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सची ६६ वर्षांची एक शिल्पकार आजी होती, रॅप गाणी वाटल्याचा आरोप. तिच्या घरी मॅकिन्टॉश होता, ज्यावर कझा चालतच नव्हतं. केस मागे घेतली.

आपल्याकडचं उदाहरण याहून वाईट आहे, गाण्याचं नाही पण आयपीचंच. २००७ मध्ये ऑर्कुट या सोशल साइटवर शिवाजी महाराजांबद्दल घाणेरडा मजकूर टाकला म्हणून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचललं. टेलिकॉम कंपनीने आयपीवरून जो ग्राहक काढून दिला तोच चुकीचा होता. त्या माणसाचे पन्नास दिवस येरवड्यात गेले. कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी लॉग नीट बघितला नाही एवढ्यावरून. आता तर मोबाइल डेटावर बाहेर दिसणारा एकच आयपी एका वेळी पुष्कळ ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, म्हणजे सेकंद आणि पोर्ट नंबर बरोबर नसेल तर भलत्याचंच नाव निघणार. आणि बरोबर निघालं तरी ते कनेक्शन कुणाच्या नावावर आहे तेवढंच कळतं, बटण कुणी दाबलं ते कळत नाही. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये पाच जण एका वायफायवर असतात, कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात पत्र.

जर्मनीत आहे, वकिलाचं पत्र आलंय, काहीशे युरो मागतायत. खोटं आहे का?

बहुतेक वेळा खरं असतं. त्याला तिकडे आबमानुंग म्हणतात आणि भारतातून गेलेल्या मुलांना पहिल्या वर्षातच याचा झटका बसतो, कारण इथे ज्याने कधी काही झालं नाही त्याने तिथे आठवड्याभरात पत्र येऊ शकतं असं कुणी सांगितलेलंच नसतं. तिकडे इंटरनेट कंपनीकडून नाव काढायला कोर्टाचा आदेश लागतो, तो आदेश घेऊनच ते पत्र तुमच्यापर्यंत आलेलं असतं.

पत्रात दोन गोष्टी असतात. एक पैसे, आणि दुसरं ‘परत असं करणार नाही’ असं लिहून द्यायचा तयार फॉर्म. मुलं पैशाला घाबरतात आणि फॉर्मवर पटकन सही करून टाकतात, माझं कळकळीचं सांगणं आहे की उलट करा, त्या फॉर्मला आधी घाबरा. तो त्यांच्या वकिलाने त्यांच्या सोयीने लिहिलेला असतो, सही केली की पुढची कितीतरी वर्षं तुम्ही बांधले जाता, परत चूक झाली तर दंडाचा करार झालेला असतो, आणि कित्येकदा त्यात गुन्हा कबूल केल्यासारखी भाषा असते. तिथले वकील यात बदल करून सुधारित फॉर्म देतात. युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी संघटनेकडे पुष्कळदा वकिलाचा सल्ला फुकट किंवा थोडक्यात मिळतो, शिवाय फरब्राउखरझेंट्राले म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र आहेच. मुदत आठ-दहा दिवसांचीच असते, ती चुकवू नका. भारतात परत जाईन म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये टाकून देणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग, प्रकरण कोर्टात जातं आणि खर्च वाढत जातो.

तिथल्या एका निकालाबद्दल सांगतो कारण प्रायव्हसीच्या बाजूने तो मला फार बोचतो. एका घरातून रिहानाचा अल्बम शेअर झाला, कनेक्शन आई-वडिलांच्या नावावर. तीन मोठी मुलं. आई-वडील म्हणाले की आम्हाला माहितीये कुणी केलं पण आम्ही पोटच्या पोराचं नाव सांगणार नाही. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने सांगितलं की नाव माहीत असून सांगत नसाल तर भरपाई तुम्ही द्या, साडेतीन हजार युरोच्या आसपास. एका अल्बमसाठी आईला असा प्रश्न विचारला जावा हे मला आजही पटत नाही. फ्लॅटमेटच्या बाबतीत मात्र कोर्टाने २०१६ मध्ये थोडं समजून घेतलं, सज्ञान माणसांना आधी ताकीद देऊन ठेवायची जबाबदारी तुमची नाही असं म्हटलं.

अमेरिकेत इंटरनेट कंपनीचा ईमेल आलाय, आता माझं नाव गेलं का?

नाही. कंपनीने कॉपीराइटवाल्यांची नोटीस तुम्हाला पुढे पाठवलीये, तुमचं नाव त्यांना दिलेलं नाही, त्यासाठी कोर्टातून आदेश आणावा लागतो. म्हणून त्या ईमेलमधल्या ‘इथे क्लिक करून वीस डॉलर भरा’ टाइपच्या लिंकवर घाईने जाऊ नका, कारण भरलेत की तुमचं नाव तुम्ही स्वतःच दिलंत. टोरंट बंद करा, वायफायचा पासवर्ड बदला. परत परत नोटिसा आल्या तर कनेक्शन तुटू शकतं, कारण कंपन्याही घाबरलेल्या आहेत, ग्राहकांच्या चोरीला आळा घातला नाही म्हणून कॉक्स नावाच्या इंटरनेट कंपनीवर २०१९ मध्ये ज्युरीने १ अब्ज डॉलरचा बोजा टाकला होता, २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो आकडा रद्द केला आणि प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाचाच आदेश निघाल्याचं कंपनीने कळवलं असेल तर मात्र त्याच दिवशी वकील गाठा, आक्षेप घ्यायला मुदत असते.

भारतात पोलीस येतील का?

घरी बसून ऐकायला दोन गाणी उतरवली म्हणून सर्वसामान्य माणसावर अमेरिकेसारखे सरसकट खटले आपल्याकडे झालेले नाहीत. कारवाई होते ती साइटवर, विकणाऱ्यावर, दुकानांवर. पण कायदा सौम्य आहे असं समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. वैयक्तिक वापराला ५२ कलमात काही सूट आहे, पण चोरीच्या साइटवरून उतरवलेलं गाणं त्यात बसतं असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

२०१६ मध्ये ब्लॉक केलेल्या साइटवर गेलं की ‘नुसतं बघितलं तरी तीन वर्षं तुरुंग’ अशा अर्थाचा मेसेज यायचा, आठवत असेल. तेव्हा मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. लोकांना खोट्या भीतीखाली ठेवू नये एवढं साधं होतं ते, पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

प्रायव्हसीचं म्हणाल तर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही झाला, पण त्यात कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरायला सूट ठेवलेली आहे, त्यामुळे कॉपीराइटच्या प्रकरणात तो तुमची ढाल होईल असं धरून चालू नका.

व्हीपीएन लावला की झालं ना?

व्हीपीएन म्हणजे तुमचा खरा आयपी झाकून स्वतःचा दाखवणारी सेवा. त्याने चोरी कायदेशीर होत नाही, फक्त इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याकडे तुमची माहिती जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे पाच वर्षं ठेवायची, त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून टाकले. फुकटच्या व्हीपीएनच्या नादी तर लागूच नका.

फुकट गाण्यांची ॲप, एमपीथ्री कन्व्हर्टर, प्रीमियमचं मोड एपीके, यात काय धोका?

मोड एपीके म्हणजे पैसे न भरता प्रीमियम चालावं म्हणून कुणीतरी फेरफार केलेलं ॲप. कॉपीराइटपेक्षा मला इथे तुमच्या फोनची काळजी जास्त वाटते. गाणं वाजवणाऱ्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत? एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? एसएमएस म्हणजे बँकेचा ओटीपी. प्ले स्टोअरबाहेरून टाकलेल्या एपीकेमध्ये कुणी काय घुसवलंय ते तुम्हालाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही बहुतेक माहीत नसतं.

आणि ते स्टँडजवळचं मोबाइलचं दुकान, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेलं, अजून कितीतरी ठिकाणी आहे. गाणी भरायला म्हणून कार्ड काढून त्याच्या कॉम्प्युटरला लावतात, त्याच कार्डात घरातले फोटो असतात, लग्नाचे, मुलांचे, आधारकार्डाचा फोटोसुद्धा. आपण समोर उभे असतो आणि स्क्रीन त्याच्याकडे असते. वडीलधाऱ्यांना एवढं तरी सांगा की गाण्यांसाठी वेगळं रिकामं कार्ड ठेवा.

म्हणजे पैसे देऊन ऐकलं की प्रायव्हसी सेफ?

दुर्दैवाने तसंही नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीने पैसे देऊन घेतलेल्या ओरिजिनल सीडींमधून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप रूटकिट, म्हणजे आत दडून बसणारा प्रोग्रॅम टाकला, कॉपी होऊ नये म्हणून. तो स्वतःला लपवायचा आणि त्याच्या आडोशाला व्हायरसही लपायला लागले. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबरला ते जगासमोर आणलं, पुढच्याच महिन्यात सीडी परत घ्यायला लागल्या. म्हणजे त्रास झाला तो इमानदारीने विकत घेणाऱ्याला, ही गोष्ट मी कधी विसरलेलो नाही. स्ट्रीमिंगवाल्यांकडे तर तुम्ही रात्री किती वाजता काय ऐकता त्याची नोंद असते. त्यातलं आपल्याबद्दल काय ठेवलंय ते ग्राहकाला नीट सांगितलं नाही म्हणून २०२३ मध्ये स्वीडनने स्पॉटिफायला ५ कोटी ८० लाख क्रोनरचा दंड केला. सेटिंगमध्ये जाऊन लिसनिंग हिस्टरी आणि जाहिरातींचं पर्सनलायझेशन जमेल तेवढं बंद करा.

तुम्ही कलाकारांच्या विरोधात आहात का?

अजिबात नाही. गीतकार, संगीतकार, वादक यांचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत गीतकार-संगीतकारांकडून सगळे हक्क एकदम लिहून घेतले जायचे, आता रॉयल्टीचा त्यांचा वाटा काढून घेता येत नाही, हे फार चांगलं झालं. ज्याला परवडतं त्याने पैसे देऊनच ऐकावं. माझं म्हणणं एवढंच आहे की हक्क बजावताना माणसाचं नाव-पत्ता मागायचा असेल तर जजसमोर या, पुरावा दाखवा, आणि त्या माणसाला उत्तर द्यायची संधी द्या. ही पायरी नावापुरतीच उरली की काय होतं ते प्रेंडा लॉ नावाच्या अमेरिकन वकिलांच्या फर्मने दाखवलं, पॉर्न फिल्म स्वतःच टोरंटवर टाकायची आणि उतरवणाऱ्यांना ‘पैसे भरा नाहीतर नाव उघड होईल’ म्हणून धमकवायचं. तिथे कोर्टाचा कागद होता पण कोर्टालाच फसवलेलं होतं. २०१९ मध्ये त्यातल्या दोघांना तुरुंगवास झाला.

जुनी नाट्यगीतं, तबकड्या, त्या तरी उतरवता येतात का?

ध्वनिमुद्रण निघाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे १९६० मध्ये निघालेली तबकडी २०२० संपल्यावर मोकळी झाली. शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही बघावं लागतं. बालगंधर्वांच्या १९१०-२० च्या काळातल्या तबकड्या यात आरामात बसतात, आणि संग्राहकांनी त्या डिजिटल करून ठेवल्यात ते मोठं काम आहे.

नोटीस खरी की फसवणूक, कसं ओळखायचं?

खऱ्या नोटिशीत कुठलं गाणं, कुठली तारीख-वेळ, कुठला आयपी हे नेमकं असतं आणि पाठवणाऱ्या वकिलाचं नाव स्वतंत्रपणे शोधून पडताळता येतं. नोटिशीवर छापलेल्या नंबरवर फोन न करता वेगळा शोधून करा. गिफ्ट कार्डने, क्रिप्टोने नाहीतर कुणाच्या तरी यूपीआयवर पैसे मागितले तर ते खोटंच. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमच्या नंबरवरून पायरेटेड गाणी डाउनलोड झालीत, व्हिडिओ कॉलवर या’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० वर कळवा. आणि खऱ्या-खोट्या कुठल्याही नोटिशीनंतर घाईघाईत लॅपटॉप फॉरमॅट करू नका, पुढे कोर्टात तेच तुमच्या विरोधात जातं.